मोंतोनेच्या धारेवरून

गडावर जायचं असलं की मी आधी त्याच्या घेऱ्यात हिंडते. पायथ्याच्या वाड्या, पाण्याच्या जागा, वाट कुठल्या सोंडेवरून चढते, कुठल्या खिंडीवर गडाची नजर आहे, हे सगळं एकदा पायाखालून गेलं की वरचे दरवाजे आणि बुरूज कळायला लागतात. ही सवय मला सह्याद्रीने लावली. उंब्रियातल्या मोंतोने गावी गेले तेव्हा तीच कामी आली आणि आता माझं ठाम मत झालंय की इटलीतली डोंगरावरची गावं बघायची याहून चांगली रीत नाही. गाडीने थेट वेशीपर्यंत जाऊन चौकात कॉफी पिऊन उतरणाऱ्याला सुंदर दगडी भिंती दिसतात. त्या नेमक्या तिथेच का उभ्या आहेत, हे मात्र चालत आल्याशिवाय दिसत नाही.

मोंतोने हे पेरूजाच्या उत्तरेला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, साधारण ४८० मीटर उंचीवर बसलेलं छोटं गाव. वस्ती जेमतेम दीड हजाराच्या आसपास, तीही सगळी तटाच्या आत नाही. खाली कार्पिना नावाचा ओढा वाहतो आणि पुढे टायबरला मिळतो. रोमची ही नदी इथे अजून लहान आहे, काठावर तंबाखू, सूर्यफूल आणि गव्हाची शेतं आहेत. तिचा उगम फुमायोलो डोंगरात. तो डोंगर पूर्वी तोस्काना प्रांतात होता, पण रोमची नदी आपल्याच जिल्ह्यात उगम पावावी म्हणून मुसोलिनीने १९२३ साली सीमारेषाच सरकवली. नदी आपल्या जागी राहिली आणि नकाशा हलला.

मी गेले ती पेरूजाहून उंबेर्तिदेपर्यंत छोट्या रेल्वेने. उंबेर्तिदे हे खोऱ्यातलं बाजारपेठेचं गाव. लोक मोंतोनेकडे जाण्याच्या घाईत ते ओलांडून जातात. तसं करू नये. गावाच्या मध्यात चौदाव्या शतकातला चौकोनी, उंच, भक्कम किल्ला आहे. १३९३ साली एक तरुण लढवय्या इथे कैदेत होता. पुढे त्याच माणसाने मध्य इटली हलवून सोडली, त्याच्याकडे आपण येऊच. किल्ल्यापासून जवळ सांता क्रोचे चर्चमध्ये लुका सिन्योरेल्लीचं १५१६ सालचं मोठं चित्र आहे, क्रुसावरून ख्रिस्ताचं शरीर उतरवतानाचं. शिडीवर चढलेल्या माणसांच्या पोटऱ्यांचे ताणलेले स्नायू बघत मी बराच वेळ उभी होते. आणि मग एक चौक लागतो, त्याला २५ एप्रिलचं नाव आहे. परक्या माणसाला वाटतं, हा १९४५ चा मुक्तिदिन. पण इथल्या लोकांच्या मनात आधीचं वर्ष आहे. २५ एप्रिल १९४४ ला सकाळी दोस्तराष्ट्रांची विमानं टायबरवरचा पूल पाडायला आली आणि बॉम्ब वस्तीवर पडले. सत्तरीच्या घरात माणसं गेली. हा चौक म्हणजे त्या घरांची रिकामी झालेली जागा.

उंबेर्तिदेहून मोंतोने दिसतं. मागच्या हिरव्या डोंगररांगेच्या पुढे आलेली एक टेकडी, तिच्यावर तपकिरी घरांची रास आणि एक मनोरा. मी ओढ्याच्या बाजूने, मातीच्या रस्त्याने चढायचं ठरवलं. पायथ्याला जुनं पॅरिश चर्च आहे, सान ग्रेगोरिओचं, रोमनेस्क शैलीतलं. गाव तटाआड जाण्याआधीपासून खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचं देवस्थान ते हेच. दगड खडबडीत, सजावट नाहीच. खिडक्या इतक्या अरुंद की आतला माणूस बाहेरच्यापासून जपून राहत असला पाहिजे. तिथून वर बघितलं की गावाची रचना उलगडते. टेकडीला दोन उंचवटे आहेत. एकावर किल्ला होता, दुसऱ्यावर सान फ्रांचेस्कोचं चर्च आणि मठ. मधल्या खोलगट भागात चौक, आणि या सगळ्याला वेढणारा लांबट गोल तट. तटाला तीन दरवाजे: बोर्गो, मोंते आणि वेर्त्सिएरे. गावाचे तीन पेठवजा भागही याच नावांचे, आणि ऑगस्टमधल्या उत्सवात ते एकमेकांविरुद्ध ईर्ष्येने धनुर्विद्येच्या स्पर्धा लढतात.

दरवाजातून आत शिरल्यावर गल्ली लगेच वळते. हे वळण बघून मला फार बरं वाटलं. सरळ धावत येणाऱ्याला भिंतीशी अडवायचं आणि वरून मारायचं, ही अक्कल रायगडाच्या महादरवाजाशी जितकी दिसते तितकीच इथेही.

आता तो उंबेर्तिदेचा कैदी. आंद्रेआ फोर्तेब्राच्चो, जन्म १३६८, इतिहासात ब्राच्चो दा मोंतोने म्हणून ओळखला जाणारा सेनापती. त्या काळच्या इटलीत शहरं आणि पोप पगार देऊन फौजेसकट सेनापती ठेवत. ब्राच्चो त्यातला पहिल्या प्रतीचा. त्याचं घराणं पेरूजातून हद्दपार झालेलं, आणि पेरूजा परत मिळवणं हा त्याचा ध्यास. १२ जुलै १४१६ ला सांत'एजिदिओच्या मैदानात त्याने कार्लो मालातेस्ताचा पराभव केला आणि पेरूजाचा धनी झाला. ती लढाई समजून घेण्यासारखी आहे. ब्राच्चोने सैन्य लहान लहान तुकड्यांत वाटलं, आळीपाळीने पुढे पाठवलं आणि मागे घेतलं. परतलेल्या माणसांना आणि घोड्यांना पाणी मिळेल अशी पिंपं भरून ठेवली. जुलैतल्या उंब्रियाचं ऊन ज्याने अंगावर घेतलंय त्याला ही पिंपं तलवारीइतकीच महत्त्वाची वाटतील. समोरचे लोखंडी चिलखतात तहानेने गळून गेले. राज्यकर्ता म्हणूनही तो पाण्याचाच विचार करत होता. त्रासिमेनो सरोवराचं पाणी चढून शेतं बुडायची, म्हणून १४२१ च्या सुमारास त्याने डोंगरातून बोगदा खणून जादा पाण्याला वाट करून दिली.

१४२४ साली लाक्विलाच्या लढाईत तो जबर जखमी होऊन मेला. चर्चने बहिष्कृत केलेला, म्हणून रोमबाहेर संस्कारहीन जमिनीत पुरला गेला. आठ वर्षांनी पुतण्याने त्याच्या अस्थी पेरूजाला नेल्या. मुलगा कार्लो मोंतोने सांभाळून होता, पण पोप चौथ्या सिक्स्तुसशी त्याचं बिनसलं. १४७७ मध्ये पोपच्या फौजेने वेढा घालून गाव घेतलं आणि पुढच्या वर्षी ब्राच्चोचा किल्ला जमीनदोस्त केला. आज त्या उंचवट्यावर पडक्या भिंती, गवत आणि झाडं उरली आहेत. गावकरी संध्याकाळी तिथे कुत्री फिरवतात. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी गडांच्या वाटा आणि दरवाजे सुरुंगाने उडवले, त्या जागा बघताना जसा घशात आवंढा येतो, तसा इथेही आला. जिंकणाऱ्याला माणसांपेक्षा उंचीची भीती जास्त वाटते.

समोरच्या उंचवट्यावरच्या सान फ्रांचेस्कोच्या वाट्याला ही मोडतोड आली नाही. चौदाव्या शतकातलं हे एका दालनाचं गॉथिक चर्च आता गावाच्या संग्रहालयाचा भाग आहे. वेदीमागच्या भिंतीवर ब्राच्चोच्या काळातली, फेराराच्या अंतोनिओ अल्बेर्तीने काढलेली भित्तिचित्रं आहेत. बरीचशी झिजली आहेत. पण माझा सगळा वेळ गेला तो बार्तोलोमेओ कापोरालीच्या १४८२ सालच्या पताकेपुढे. कापडावर रंगवलेली ही मोठी पताका साथीच्या दिवसांत मिरवणुकीत पुढे धरायची. मधोमध मेरी उभी आहे, तिने आपला झगा दोन्ही हातांनी पसरलाय आणि त्याखाली गाव गोळा झालंय. वरून देवाच्या कोपाचे बाण येतायत. बाण म्हणजे प्लेग. खालच्या कडेला मोंतोने रंगवलंय, तटासकट. मी नाक लावावं इतक्या जवळ जाऊन ते चिमुकलं गाव बघितलं, कारण आदल्याच दिवशी ओढ्याच्या बाजूने मी ते तस्संच बघितलं होतं. चित्र काढलं तेव्हा किल्ला पाडून चार वर्षंच झाली होती. पराभव झालेल्या, तट ढासळलेल्या गावाने त्या चार वर्षांच्या आत पैसे जमवून पेरूजाच्या नामांकित चित्रकाराला बोलावलं, हे मला त्या चित्राइतकंच मोठं वाटतं.

याच कापोरालीने भावाबरोबर १४६९ साली इथल्या फ्रान्सिस्कन मठासाठी सोन्याच्या वर्खाने सजवलेला प्रार्थनाग्रंथ केला होता. तो आज अमेरिकेत, क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयात आहे. मोंतोनेने मात्र एक वस्तू हातची जाऊ दिली नाही. तुर्कांविरुद्धच्या कामगिरीबद्दल व्हेनिसने कार्लो फोर्तेब्राच्चोला १४७३ साली ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातला म्हणून मानला जाणारा एक काटा दिला, तो त्याने आपल्या गावाला अर्पण केला. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी तो भाविकांना दाखवतात, आणि ऑगस्टमध्ये अख्खं गाव पंधराव्या शतकातले कपडे घालून त्या दानाचा सोहळा पुन्हा उभा करतं.

गाव बघून झालं की खरी चाल सुरू होते. इथे इटालियन गिर्यारोहण मंडळाच्या लाल-पांढऱ्या खुणा झाडांवर, दगडांवर, कुंपणाच्या खांबांवर रंगवलेल्या असतात. मी निवडली ती रोक्का दारिएसची वाट. दारिएस म्हणजे कार्पिनाच्या खोऱ्यावर पहारा ठेवणारा, एका सुट्या टेकडीवरचा लहानसा किल्ला, फोर्तेब्राच्चो घराण्याच्याच ताब्यातला. जून संपत आला होता. उतारांवर पिवळ्या फुलांची जिनेस्त्रा अजून कुठे कुठे टिकून होती. तिचा गोड वास दुपारच्या उन्हात अंगावर येतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना ओक आणि जुनिपर. ओकमध्ये मातीची उकराउकर झालेली, म्हणजे रात्री रानडुकरं येऊन गेली. एका वळणावर साळिंदराचा काटा सापडला. वीतभर लांब, काळे-पांढरे पट्टे, टोकाशी नखाला जाणवेल इतका धारदार. आपल्या रानात सापडणाऱ्या काट्याहून फारसा वेगळा नाही. मी तो उचलून टोपीत खोवला आणि चालू लागले.

पायवाट जिथे डोंगर कापून जाते तिथे खडकाचे थर उघडे पडलेत. एक थर वालुकाश्माचा, एक मऊ चिकणमातीच्या मार्लचा, मग पुन्हा वालुकाश्म, असे शेकडो. जुन्या समुद्राच्या तळाशी साठलेला हा गाळ पुढे घडी पडून वर उचलला गेला. याचा चालणाऱ्याशी थेट संबंध आहे. कठीण थराची धार उरते, मऊ थराची घळ होते. म्हणून हा सगळा मुलूख धारा आणि घळींचा आहे. नकाशावर दोन किलोमीटर दिसणारं अंतर प्रत्यक्षात एक उतार, एक ओढा आणि एक दमछाक करणारा चढ असतो. सपाट वाट फक्त धारेच्या माथ्यावरून जाते. धार ज्याची, त्याचं खोरं.

वाटेत रिकामी दगडी घरं लागली. कौलं खाली बसलेली, आतून अंजीर उगवलेलं. ही कुळांची घरं. १९६० च्या आसपासपर्यंत इथली बहुतेक शेती अर्धेलीवर चाले. जमीन मालकाची, राबणारं कुटुंब कुळाचं, आणि पीक निम्मंनिम्मं. घरात माणसं वाढली की मालक मोठा तुकडा देई, कमी झाली की काढून घेई. १९६४ साली कायद्याने असे नवे करार बंद केले, पण त्याआधीच तरुण मंडळी कारखान्यांकडे निघून गेली होती. कोकणातल्या खोतीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला या घरांपुढे थांबून काही समजावून घ्यावं लागत नाही. काही घरं आता परदेशी लोकांनी विकत घेऊन नीट केली आहेत, पोहण्याचे तलाव बांधलेत. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. छप्पर शाबूत राहिलं एवढं तरी झालं.

दारिएसच्या पायथ्याशी उभं राहून मागे वळलं की मोंतोने नेमकं समोर येतं. दोन्ही ठिकाणांहून एकमेकांवर नजर आहे आणि मधला खोऱ्याचा रस्ता दोघांच्याही टप्प्यात. मशालीचा किंवा धुराचा इशारा इकडून तिकडे द्यायला क्षणही लागला नसेल. राजगड-तोरणा एकमेकांकडे बघत उभे आहेत ते ज्याने बघितलंय त्याला या दोन जागांचं नातं सांगावं लागत नाही.

मी उतरले होते ते घर एका शेतकरी बाईंचं. वय सत्तरीच्या पुढे, मला त्या 'सिन्योरा' म्हणत आणि मीही त्यांना तेच. माझं इटालियन बेताचं, पण स्वयंपाकघरात तेवढं पुरतं. संध्याकाळी त्यांनी चाच्चा केली. पेरूजाकडे हिलाच तोर्ता अल तेस्तो म्हणतात. गव्हाचं पीठ, पाणी, मीठ, थोडं तेल, चिमूटभर सोडा. मळून जाड पोळी लाटायची आणि तेस्तोवर टाकायची. तेस्तो म्हणजे भाकरीच्या तव्याचा वजनदार थोरला भाऊ. तो नीट तापलाय का हे बघायला बाईंनी त्यावर चिमूटभर पीठ भुरभुरलं. पीठ लगेच काळं पडलं, तेव्हा मान हलवून त्यांनी आच कमी केली, थोडं थांबून पुन्हा भुरभुरलं. या वेळी ते सावकाश बदामी झालं. मग पोळी पडली, काट्याने टोचे मारले, हाताच्या बोटांनीच ती फिरवत राहिल्या. भाजून झाल्यावर आडवी चिरून आत लसणावर परतलेली रानभाजी भरली. मी साळिंदराचा काटा दाखवला तर म्हणाल्या, बटाट्याचं शत्रू जनावर.

दुसऱ्या दिवशी मी जे बघायला जाणार होते ते त्यांना ठाऊक होतं. गावात भारतीय माणूस आला की कशासाठी आला असेल याचा अंदाज आता मोंतोनेकरांना येतो.

१९४४ चा उन्हाळा. जर्मन सैन्य रोम सोडून उत्तरेकडच्या गॉथिक लाइनकडे, म्हणजे आपल्या पुढच्या संरक्षणफळीकडे, हटत होतं, पण हटताना प्रत्येक धार लढवून सोडत होतं. खोऱ्यातल्या लोकांची त्या महिन्यांत दोन्हीकडून होरपळ झाली. चित्ता दि कास्तेल्लोचा प्रतिकार-नेता वेनान्त्सिओ गाब्रिओत्ती याला ९ मे रोजी गोळ्या घातल्या. पिएत्रालुंगाच्या रानातून सान फाउस्तिनो नावाची पार्टिझनांची, म्हणजे शस्त्र हाती घेतलेल्या प्रतिकारकांची, तुकडी लढत होती. २८ जूनला उंबेर्तिदेजवळ पेनेतोला इथे जर्मन सैनिकांनी एका शेतघरात बारा माणसं कोंडून मारली, त्यात लहान मुलंही होती. याच दिवसांत दक्षिणेकडून टायबरच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून वर सरकत होती आठव्या ब्रिटिश सेनेतली १० वी भारतीय डिव्हिजन. रस्ते सुरुंगांनी भरलेले, पूल उडवलेले. तोफा मागे राहत आणि पुढे जाई ते खेचरं आणि पायदळ. या डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन होती.

१० जुलै १९४४. तिसऱ्या बटालियनच्या एका कंपनीने जर्मनांच्या मजबूत मोर्चावर हल्ला चढवला. नाईक यशवंत घाडगे यांच्या हाताखालची रायफल-तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले, उरले एकटे घाडगे. ते थेट मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा संपवला, टॉमी गनने दुसऱ्याला मारलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केलं. मग दुरून नेम धरून बसलेल्या जर्मनांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. तो त्यांच्या पत्नीने दिल्लीत व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून स्वीकारला. घाडगे यांना थडगं नाही. मोंते कास्सिनोच्या पायथ्याच्या युद्धस्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे.

रायगड जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यातल्या माणगाव तालुक्याचा हा मुलगा. धार कशी चढावी, घळीतून आडोसा धरत वर कसं यावं, हे त्याला इटलीत येऊन शिकावं लागलं नसणार. आदल्या दिवशी मी ज्या चढावर धापा टाकत होते तसल्याच चढावर पाठीला ओझं, हातात शस्त्र घेऊन ही पोरं रात्री चढत होती आणि वर मशीनगन बसलेली होती. ब्राच्चोला ज्या कारणासाठी या उंच जागा हव्या होत्या, पोपला ज्या कारणासाठी त्या पाडायच्या होत्या, त्याच कारणासाठी पाचशे वर्षांनी जर्मन तिथे बसले आणि त्याच कारणासाठी मराठा पलटणीला त्या घ्याव्या लागल्या. वाटा चालल्या नसत्या तर हे मी पुस्तकातून वाचलं असतं, पण माझ्या पोटऱ्यांना कळलं नसतं.

जुलै २०२३ मध्ये मोंतोने नगरपालिकेने आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी मिळून गावात घाडगे यांचं स्मारक उभारलं, भारताच्या राजदूत उद्घाटनाला हजर होत्या. हे स्मारक म्हणजे खरोखरचं सूर्यघड्याळ आहे. त्यावरच्या लॅटिन वचनाचा आशय असा की आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत. इटलीच्या मोहिमेत दिलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैन्यातल्या जवानांनी मिळवले, आणि ५,७८२ भारतीय सैनिक या देशात मरण पावले. इतक्या जणांचं ऋण एका लहान गावाने, ऐंशी वर्षांनंतर, कोणी मागितलेलं नसताना मानलं. या गोष्टीसाठी मला मोंतोनेबद्दल अतिशय आदर वाटतो, आणि तो मी लपवणार नाही.

तिथे एक गृहस्थ नातीला घेऊन आले होते. मी भारतातली, त्यातही त्याच सैनिकाच्या राज्यातली, हे कळल्यावर त्यांनी माणगाव कुठे आहे विचारलं. मी फोनवर उपग्रहाचं चित्र उघडून दिलं. त्यांनी ते बोटांनी मोठं केलं, सह्याद्रीची रांग बघितली, खालची हिरवी चौकटीचौकटीची जमीन बघितली. 'गहू?' मी म्हटलं, भात. त्यांनी नातीला ते चित्र दाखवून बराच वेळ काहीतरी समजावलं. मला त्यातलं 'सोल्दातो' आणि 'मोंतान्या', म्हणजे सैनिक आणि डोंगर, एवढंच कळलं.

चित्ता दि कास्तेल्लो हे खोऱ्यातलं मोठं गाव २२ जुलै १९४४ ला मुक्त झालं. तिथे मी गेले ती तंबाखूच्या गोदामांसाठी. इथे तंबाखू वाळवायला बांधलेल्या प्रचंड शेड्समध्ये आज अल्बेर्तो बुर्रीची चित्रं आहेत. बुर्री या गावचाच, जन्म १९१५, पेशाने डॉक्टर. ट्युनिशियात १९४३ साली पकडला गेला आणि टेक्ससमधल्या हेरफर्डच्या युद्धकैदी छावणीत त्याने चित्रं काढायला सुरुवात केली. परतल्यावर डॉक्टरकी सोडली. गोणपाट शिवून, लाकूड आणि प्लास्टिक जाळून त्याने चित्रं केली. शेड्स बाहेरून काळ्या रंगवलेल्या आहेत. १९६६ च्या पुरात फ्लोरेन्सच्या ग्रंथालयातली पुस्तकं भिजली तेव्हा ती वाळवायलाही इथेच आणली होती. शिवलेल्या गोणपाटाच्या चित्रांबद्दल लोक फार मोठमोठे शब्द वापरतात. ज्याने जखमा शिवल्या त्याच्या हातचे हे टाके आहेत, एवढं लक्षात ठेवून बघितलं तर दुसरं काही लागत नाही.

इथून पिएत्रालुंगामार्गे गुब्बिओ आणि पुढे असिसीला जाणारी संत फ्रान्सिसची वाट आहे, ला वेर्नाच्या डोंगरापासून निघालेली, पिवळ्या-निळ्या खुणांची. २०२६ मध्ये फ्रान्सिसच्या निधनाला आठशे वर्षं होतात. वाट सुरेख आहे, लोकही भरपूर चालतात. वेळ असेल त्याने जरूर चालावी. मला मात्र मोंतोनेनंतर दुसऱ्या वाटेची ओढ लागली आहे.

अपेनाइन पर्वत ओलांडला की पलीकडे रोमान्याचा सपाट मुलूख लागतो. तिथे सेनियो नावाची लहान नदी आहे. ९ एप्रिल १९४५ ला पाचव्या मराठाच्या पहिल्या बटालियनने ती ओलांडली. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमज गावचे शिपाई नामदेव जाधव यांनी तिथे आपल्या दोन जखमी सोबत्यांना, एका खेपेत एकाला, खोल पाण्यातून, बांधाच्या उभ्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर वाहून आणलं. मग एकटे परत जाऊन मशीनगनचे मोर्चे गप्प केले आणि बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठा पलटणीची युद्धघोषणा देत बाकीच्यांना पुढे बोलावलं. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, आणि ते घरी परत आले. सेनियोकाठी डोंगर नाहीत. पूर अडवायला नदीच्या दोन्ही बाजूंना घातलेले मातीचे उंच बांध हीच त्या सपाटीवरची एकमेव उंची, आणि लढाई झाली ती त्यांच्याचसाठी. पुढच्या वसंतात, एप्रिलमध्येच, पाणी भरलेलं असताना, मी त्या बांधांवरून चालणार आहे. पुणे-मुंबईकडच्या ज्या कोणाला बरोबर यायचं असेल त्यांनी चिखलाचे बूट आणावेत.